छोटा बेस मल्टिइफेक्ट : जून ते शिगमो वापरून काय कळलं

बेस गिटारचा हा मल्टिइफेक्ट, म्हणजे आवाज बदलणारे बरेच इफेक्ट एकाच डब्यात, गेल्या जूनमध्ये घेतला, आता शिगमो (आमच्या गोव्याचा शिमगा) आला, म्हणजे नऊ महिने झाले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो होतो आणि बरं झालं लिहिलं नाही, कारण तेव्हा जे जे भारी वाटलं होतं त्यातलं निम्मं आता हात लावत नाही आणि जे फालतू समजून सोडलं होतं त्याच्यावरच सगळं चाललंय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. दहा हजारांच्या आतबाहेर दोन-तीन कंपन्यांचे असे डबे मिळतात आणि स्वभावाने ते सगळे भाऊभाऊच आहेत. साठेक इफेक्ट, एका वेळी पाच लावता येतात, पन्नास पॅच (जमवून ठेवलेली आवाजाची सेटिंग) सेव्ह होतात, दोन फूटस्विच, ट्यूनर, ३० सेकंदांचा लूपर (वाजवलेलं धरून परत परत ऐकवणारा), ड्रमचे पॅटर्न, चार पेन्सिल सेल किंवा यूएसबीवर चालतो. वजन अर्ध्या किलोच्याही आत असेल, गिगबॅगच्या पुढच्या खिशात जातो.

आता मी कुठे वाजवतो ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. दिवसा कुंडईला नोकरी. बेस म्हणजे जॅझ बेसची स्वस्त कॉपी, ओरिजिनल फेंडरने १९६० मध्ये काढला तो, दोन सिंगल कॉइल पिकअपवाला. गोव्यात बेसवाल्याला एकाच प्रकारचं काम नसतंच. नोव्हेंबरपासून लग्नं, शनिवारी कळंगूटकडे शॅकवर (किनाऱ्यावरचं झोपडीवजा हॉटेल) आमचा तिघांचा बँड, मधेच तियात्राचा (कोंकणी संगीत नाटक) कोणी बेसवाला आजारी पडला की मला फोन, आणि आमचा भावगीत-नाट्यगीतांचा मराठी ग्रुप आहे तो वेगळाच, तिथले तबलेवाले काका मला दहा वर्षं झाली तरी 'गिटारवाला' म्हणूनच हाक मारतात. आधी अँप न्यायचो, पंधरा-सोळा किलोचा, स्कूटरच्या पायाशी ठेवून, बोरीच्या पुलावर वारा लागला की जीव मुठीत. तो अँप न्यायला लागू नये एवढ्यासाठीच हा डबा घेतला, इफेक्टची हौस म्हणून नाही (थोडी होती).

पावसाळाभर घरीच वाजवत बसलो. फोंड्याचा पाऊस म्हणजे बाहेर कुठे जायचा प्रश्नच नाही. हेडफोन लावून डब्यातली एक एक अँपची नक्कल, स्पीकरच्या खोक्याची नक्कल, आहाहा. त्या जुन्या १९६९ च्या तीनशे वॅटवाल्या अँपेगचा आवाज, खाली आठ स्पीकरचं ते कपाटाएवढं खोकं, जे खरं असतं तर मला एकट्याला जिन्यावरून चढवता आलं नसतं, ते कानात. मी खालचा बेस वाढवला, मधला भाग कापला, वर थोडी चमक दिली. एकट्याने वाजवताना इतका गोड आवाज आयुष्यात काढला नव्हता. पॅच १ म्हणून सेव्ह केला.

सीझन सुरू झाला, पहिला शनिवार, शॅक. दुसऱ्या गाण्याला मिक्सर सांभाळणारा पात्रांव (आमच्याकडे 'बॉस'ला म्हणतात) हातवारे करायला लागला, मी आवाज वाढवला, तो परत हातवारे, मी परत वाढवला. ब्रेकमध्ये येऊन म्हणतो, "आरे, तुजो बेस खंय गेलो? गडगड तेवढी आयकूंक येता." म्हणजे गडगड ऐकू येत होती, सूर नाही. मला वाटलं डबाच भंगार निघाला. रविवारभर तोंड पाडून बसलो होतो.

नंतर डोकं लावलं तेव्हा कळलं. बेसची सगळ्यात जाड ई तार म्हणजे साधारण ४१ हर्ट्झ. शॅकवर असतात काठीवर चढवलेले दोन बारा इंची स्पीकर, सब (फक्त खालच्या आवाजाचा मोठा स्पीकर) बिब काही नाही, आणि असले स्पीकर पन्नास-साठच्या खाली हात टेकतात. म्हणजे मी जे बटण पिळून पिळून वाढवत होतो ते त्या स्पीकरमधून बाहेर येणारच नव्हतं, नुसता त्याचा पडदा धडपडत होता. मग एवढ्याशा स्पीकरवर, अगदी मोबाइलवरसुद्धा गाण्यातला बेस कळतो कसा? तर त्याच तारेत ८२, १२३, १६४ असे वरचे पट पण असतात, ते कानावर पडले की मेंदू खालचा ४१ आपला आपण धरून घेतो. तानपुऱ्यात गंधाराची तार नसते तरी षड्जातून गंधार ऐकू येतोच ना, तसंच पण उलट्या बाजूने. हे तबलेवाल्या काकांना सांगितलं तर म्हणाले, मग इतके दिवस काय करत होतास.

तर उपाय काय, वरचे पट वाढवायचे. आणि ते वाढवायचं सगळ्यात सोपं साधन म्हणजे ओव्हरड्राइव्ह, आवाज जरा फाडणारा इफेक्ट, जो मी 'मेटलवाल्या पोरांचा' म्हणून उघडून पण बघितला नव्हता. अगदी चिमूटभर, इतका की ऐकणाऱ्याला फाटलाय असं वाटता कामा नये. एक मात्र बघायचं, ड्राइव्ह वाढला की तळ पातळ होतो, म्हणून ड्राइव्हच्या आत साधा आवाज मिसळायचा नॉब असतो तो शोधा, मी साधारण एक तृतीयांश ड्राइव्ह आणि बाकी साधा ठेवतो. मग इक्वलायझरमध्ये ४०च्या खालचं कापलं, चारशे ते आठशेच्या मधे जरा उचललं, जे घरी मी कापून टाकलं होतं तेच. हा पॅच घरी एकटा ऐकला तर पत्र्याच्या डब्यात चमचा हलवल्यासारखा वाटतो, बायको म्हणाली काहीतरी सैल झालंय बघ. पण ड्रम आणि गिटार चालू झाली की बरोबर मधल्या फटीत जाऊन बसतो. पुढच्या शनिवारी पात्रांवने लांबूनच अंगठा दाखवला.

तेव्हापासून पॅच घरी बनवायचाच नाही असं ठरवलंय. जिथे वाजवायचं तिथे अर्धा तास आधी जायचं आणि तिथल्या आवाजात, ड्रमरला वाजवायला लावून, कान तिकडे ठेवून नॉब फिरवायचे. असे करत करत पन्नासातले माझे तीन पॅच पक्के झाले, बाकीचे सत्तेचाळीस आहेत तिथे आहेत.

पहिला हा शॅकवाला. दुसरा भावगीतांचा, त्यात कंप्रेसर आणि थोडा इक्वलायझर, बस. कंप्रेसरबद्दल सांगतो कारण तो पण मला आधी कळला नव्हता. बोटांनी वाजवताना एखादा स्वर जोरात लागतो, एखादा दबका, तो जोरातला दाबायचं काम याचं. रेशो ४ ठेवला तर मर्यादेच्या वर ४ डेसिबल गेलेला आवाज १ च वर जातो. पण अटॅक, म्हणजे तो किती पटकन दाबायला लागतो ते, फार जलद ठेवला तर बोटाची पहिली टक्कर पण खाऊन टाकतो, बेस कापसात गुंडाळल्यासारखा. जरा सावकाश ठेवायचा. राजीव गांधी कला मंदिरात कार्यक्रम झाला तिथे मोठी सिस्टीम होती, सब होते, तिथे हा दुसरा पॅच असा काही उमटला की नाट्यगीताखाली बेस नको म्हणणारे एक काका पण काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

तिसरा ऑक्टेव्हर, वाजवलेल्या स्वराला एक सप्तक खालचा स्वर जोडणारा, लग्नातल्या हिंदी डान्स गाण्यांसाठी, सिंथसारखा जाड आवाज पाहिजे तिथे. याची गंमत अशी की खालच्या ई वर लावला तर येडा होतो, गुळण्या केल्यासारखा आवाज. त्याचा तरी काय दोष, ४१ हर्ट्झचा एक हेलकावा पूर्ण व्हायलाच २४ मिलिसेकंद लागतात, तोवर त्याला सूर ओळखताच येत नाही, आणि ओळखून तो काढणार २० हर्ट्झ, जे माणसाला ऐकूच येत नाही धड. ए तारेच्या पाचव्या फ्रेटपासून वर वाजवा, एकदम बरोबर चालतो. आणि एका वेळी एकच स्वर.

पॅच बदलताना दोन त्रास. एक म्हणजे बदलताना बारीकशी फट पडते, आवाज क्षणभर जातो, म्हणून गाण्याच्या मधे पॅच बदलायचा नाही, त्याच पॅचमध्ये इफेक्ट चालू-बंद करायचा, ते गुपचूप होतं. दुसरा त्रास आवाजाच्या पातळीचा. मडगावकडचं एक लग्न, पहिला वॉल्ट्झ, सगळं हळुवार चाललेलं, आणि माझा पाय चुकून ऑक्टेव्हरवर. टेबलावरचे ग्लास वाजले हो. नवऱ्याने वळून बघितलं, आमचा ट्रंपेटवाला अजून मसाला (लग्नातली कोंकणी नाचगाण्यांची लड) सुरू व्हायच्या आधी माझ्याकडे बघून विचारतो, आज वॉल्ट्झ साधा ना? चूक माझी, सगळे पॅच एकाच पातळीला आणून ठेवायचे असतात, शेवटच्या लेव्हलच्या नॉबने, आणि ते पण मोठ्या आवाजात ऐकून. दोन्ही फूटस्विच फार जवळजवळ आहेत हे मात्र खरंच आहे. चप्पल घालून वाजवता तेव्हा ठीक, बुटाने दोन्ही दाबले जातात आणि मग भर गाण्यात ट्यूनर उघडून बसतो.

ट्यूनर चांगला आहे, ई तार पकडायला जरा वेळ लावतो, बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून काढलेला स्वर) वाजवला की लगेच धरतो.

गुणगुण. हा आपल्याकडचा खरा प्रश्न. जनरेटर, डिमरचे दिवे, सगळ्यांची वायर एकाच एक्स्टेन्शनमध्ये कोंबलेली. स्वस्तातला अ‍ॅडॅप्टर लावला की घूंऽऽ सुरू. मी आता अ‍ॅडॅप्टर नेतच नाही. सेलवर एक लग्न आरामात निघतं, लग्न म्हणजे चार-पाच तास, रिचार्जेबल वापरतो, फक्त सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलावा लागतो नाहीतर अर्ध्यातच बॅटरी संपल्याचं दाखवतो. पॉवरबँक पण चालते आणि तिच्यात गुणगुण नाही, पण काही पॉवरबँकना वाटतं की एवढासा करंट घेतोय म्हणजे काही जोडलेलंच नाही, आणि त्या स्वतःहून बंद होतात. हे मला तियात्राच्या पहिल्या कांताराला (गाण्याला) कळलं. उरलेली गुणगुण बेसचीच असते, सिंगल कॉइलची, जॅझ बेसवाल्यांनी दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले की दोघांची गुणगुण एकमेकींना मारते, एक जरा कमी केला की परत हजर.

आउटपुट साधं गिटारचं जॅक आहे, मिक्सरला जाणारं तीन पिनवालं नाही. शॅकवर मिक्सर पाच पावलांवर असतो तिथे चालून जातं, पण हॉलमध्ये वीस मीटर साधी वायर ओढली तर ती अँटेनाच होते. एक पॅसिव्ह डीआय बॉक्स (साधा जॅक तीन पिनच्या लांब वायरीला जोडून देणारी, वीज न लागणारी डबी) घ्यावाच लागला, म्हणजे स्वस्त डबा तेवढा स्वस्त राहिला नाही. बजेट करताना तो धरूनच करा. आणि यूएसबी आहे म्हणून लॅपटॉपला लावून रेकॉर्डिंग करीन असं ठरवलं होतं, तो तर पोपटच झाला, ती यूएसबी फक्त वीज घ्यायला आणि पॅच एडिट करायला. अर्थात बॉक्सवर लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

स्क्रीन दुपारी चार वाजता समुद्रावर अजिबात दिसत नाही. हाताचा आडोसा करून बघावं लागतं. अंधारात छान दिसते.

बांधणी प्लास्टिकची. वरून धातूचा वाटतो पण नाही. आपल्या हवेत मला ते एका परीने बरंच वाटतं, गंजणार नाही, माझ्या तारा तर दोन महिन्यात काळ्या पडतात. पण जॅक गंजतो, तो धातूचाच. ऑगस्टमध्ये गिगबॅगला बुरशी आली आणि जॅकमधून खरखर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, खिशात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, चवथीपर्यंत बरा झाला. जानेवारीत आउटपुटचं जॅक हलायला लागलं, वायर हलवली की आवाज जायचा. बाहेर पाठवायचं म्हणजे सीझन गेला, म्हणून गावातला मिक्सर-टीव्ही रिपेअर करणारा आहे त्याच्याकडे नेला, त्याने उघडून सोल्डर मारून दिलं, चहाच्या वेळात. वॉरंटी अर्थातच गेली. आता मी वायर आधी गिगबॅगच्या पट्ट्यात अडकवतो मग डब्यात घालतो, म्हणजे कोणी पाय अडकवला तरी झटका जॅकला बसत नाही.

लूपर आणि ड्रम रात्रीच्या सरावाला. दहानंतर मोठा आवाज बंदच असतो, पाळोळेच्या किनाऱ्यावर तर लोक हेडफोन घालून नाचतात, मग मी हेडफोन घालून वाजवतो त्यात काय. ३० सेकंद पुरतात का? १२० च्या लयीत बारा बारचं ब्लूज २४ सेकंदात बसतं, ९० वर आणलं की ३२ होतात आणि बसत नाही. ड्रममध्ये केहरवा, दादरा असणार नाहीच, सहा-आठचा एक पॅटर्न लावून त्यावर दादऱ्याची गाणी घोकतो, काकांना सांगितलेलं नाही.

कोरस, फ्लँजर, ऑटो वाह वगैरे पावसाळ्यात खेळलो, नंतर नाही. ऑटो वाह एकदा शॅकवर काढला होता, ड्रमरने काठी दाखवली.

दोघांनी विचारलंय विकणार का म्हणून, एक जण मोठा घे सांगतो, तीन पिनवालं आउटपुट असलेला. दोन किलोचा आहे तो, आणि परत स्कूटरच्या पायाशी ठेवावा लागणार. शनिवारी शिगम्याच्या मिरवणुकीमुळे रस्ता बंद असणार, गाडी लांब लावून चालत जायचंय, तेव्हा सध्या तरी हाच, पुढच्या खिशात.