शांततेसाठी वर्गणी द्यायची, की बैठकीला बसायचं?

७ जून २०२३ ला कोल्हापुरात हिंदू-मुस्लिम तणावातून दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद झालं. फौंड्रीवाल्याला अशा दिवसाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. भट्टीतलं वितळलेलं बीड ‘बंद उठेपर्यंत थांब’ म्हटल्यावर थांबत नाही, आणि मोल्डिंगवरचा परप्रांतीय पोरगा घाबरून गावाकडं गेला की परत कधी येईल, सांगता येत नाही. त्यामुळं शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखानदारांनी शांततेसाठी काहीतरी करावं, हे कुणीच नाकारत नाही. अडतं ते ‘काय करायचं’ यावर. पैसा द्यावा, की मध्यस्थीला बसावं? अख्खे देश या दोन्ही वाटांनी जाऊन आलेत.

पैशाची वाट कोलंबियाची. २०१६ मध्ये सरकार आणि फार्क बंडखोरांचा करार झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं ‘कराऐवजी कामं’ ही योजना आली. कंपनीनं आयकराच्या निम्म्यापर्यंतची रक्कम संघर्षाची झळ बसलेल्या ३४४ पालिकांपैकी कुठंतरी थेट कामावर खर्च करायची: रस्ता, शाळा, पाणी, गटार. हिशेब स्वच्छ, काम डोळ्यांना दिसतं, मालकाला कुणाच्या शिव्या खायला बसावं लागत नाही. पण रस्ता कुठला निवडायचा हे कंपनीच्या हातात असलं, की तो कुणाच्या सोयीचा निघेल याची शंका येतेच.

आपल्याकडं तशी करसवलत नाही. सीएसआरची, म्हणजे नफ्यातले २ टक्के समाजकामावर खर्चायची सक्ती ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी एक तरी असेल तेव्हाच लागते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या छोट्या शेडवाल्याला ती कुठली लागणार? म्हणजे खिशातूनच द्यायचं. आणि खिशातल्या पैशाची ऐक्याची कमान होते, नाहीतर मंडळाची पावती. पावत्या आपण तशाही फाडतोच.

दुसरी वाट ट्युनिशियाची. २०१३ मध्ये तिथं फेब्रुवारीत शुक्री बेलाइद आणि जुलैत मोहम्मद ब्राहमी या दोन विरोधी नेत्यांचे खून झाले, देश यादवीच्या तोंडाशी आला. तेव्हा चौघे पुढे आले: कामगार महासंघ, उद्योजकांची संघटना, मानवी हक्क लीग आणि वकिलांची संघटना. उद्योजकांच्या अध्यक्ष होत्या विदाद बुशामाऊई. मला यातली खरी गंमत वाटते ती ही, की पगारवाढीवरून एकमेकांसमोर उभे राहणारे मालक आणि कामगार राजकीय पक्षांपुढं मात्र एका बाजूला बसले. मालक एकटे असते तर ‘धंद्यासाठी आलेत’ म्हणून कुणी दारात उभं केलं नसतं. सत्ताधाऱ्यांनी खुर्ची सोडली, जानेवारी २०१४ मध्ये राज्यघटना मंजूर झाली, २०१५ चं शांततेचं नोबेल या चौकडीला मिळालं. पुढं जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी संसदच स्थगित केली. तेव्हा हे औषध कायमचं, असंही समजू नये.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण आपल्या आकाराला जास्त जवळचं. १९९१ च्या राष्ट्रीय शांतता करारातून गावोगाव स्थानिक समित्या झाल्या. राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष जॉन हॉल उद्योगातलेच. मोर्चा कुठून न्यायचा, पोलिसांनी कुठं थांबायचं, असल्या बारीक गोष्टी आधी बोलून ठरायच्या. हिंसा त्यानं थांबली नाही. तरी भडका उडायच्या आधी एकमेकांशी बोलायला जागा झाली.

बैठकीची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि बदनामीतही. दोन्हीकडचं गिऱ्हाईक आपलंच. ‘हा कुणाचा माणूस?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी येणार.

माझा कौल असा: तीस माणसांचं एकच युनिट असेल आणि मालकच सुपरवायझर असेल, तर बैठकीचा नाद सोडा, पैसे द्या, पण कमानीला नको, दोन्ही वस्त्यांतली पोरं एकत्र शिकतील अशा वेल्डिंग-टर्निंगच्या वर्गाला द्या. संघटनेत असाल तर बसाच. शाहू महाराजांनी मुस्लिम बोर्डिंगला मदत तर केलीच, वर त्या शिक्षणसंस्थेचं अध्यक्षपदही स्वतःकडं घेतलं होतं. फक्त मालकामालकांची बैठक नको. पहिला फोन कामगार युनियनला, दुसरा मार्केट यार्डातल्या हमालांना, आणि चहा त्यांच्या जागेत.