बाहेरून बॉक्स की थेट कंट्रोलर? एसपीएम (एखाद्या ठरावीक कामासाठीची खास मशीन) बनवणाऱ्यांनी मॉनिटरिंग घेताना

मशीन मॉनिटरिंग लावायचं ठरलं की पहिला घोळ इथेच होतो, टॉवर लॅम्पच्या (मशीनवरच्या रंगीत दिव्यांच्या) वायरी आणि स्पिंडलच्या केबलवर सीटी (करंट मोजणारं कडं) घालून बॉक्सने बाहेरून सिग्नल घ्यायचा की कंट्रोलरमधूनच, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधूनच, डेटा काढायचा. माझं दोन्ही करून झालंय.

बॉक्स लावायला सोपा, त्यात वादच नाही. सीटी केबलभोवती नुसता अडकवायचा, वॉरंटीची कटकट नाही, मशीन कुठल्याही सालची असो. आमच्या चार मशीन्स एका सुट्टीत झाल्या. कंट्रोलरचं मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं नाटक. एकाला इथरनेट आहे पण डेटा काढायचा ऑप्शन उघडलेला नाही, दुसऱ्याला फक्त आरएस-२३२ हा जुना सिरियल पोर्ट आणि तोही प्रोग्राम पाठवण्यात अडकलेला. मशीनमधून डेटा घ्यायची स्टँडर्ड म्हणाल तर एमटीकनेक्ट काय, ओपीसी यूए काय, दोन्ही २००८ च्या आसपासची, आणि आपल्याकडच्या निम्म्या मशीन्स त्याच्या आधीच्या.

एवढं वाचून बॉक्सच घ्याल, मीही तेच केलं.

पण एसपीएममध्ये लॉट एका नगाचा, फार तर दोनाचा. आमचा सगळ्यात मुरलेला ऑपरेटर अर्धी शिफ्ट एका कॉलमच्या कास्टिंगला डायल लावत होता, म्हणजे ते सरळ बसलंय का मोजत होता, शिम (पातळ पत्रा) घाल, क्लॅम्प सैल कर, परत डायल फिरव, आणि संध्याकाळी रिपोर्टमध्ये तेवढा सगळा वेळ लाल, ‘मशीन बंद’. स्पिंडलला करंट नाही म्हणजे बॉक्सच्या लेखी माणूस रिकामा बसलाय! तो बोलला काहीच नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून जेवायला जाताना स्पिंडल हवेत फिरत ठेवायला लागला, आणि आकडे झकास यायला लागले. मग कारणं निवडायची बटणं लावून बघितली, सेटिंग, टूल, क्रेनची वाट, ड्रॉइंगची शंका. तेलकट हातांनी सगळे पहिलंच बटण दाबतात.

कंट्रोलर निदान मोड सांगतो, हँडल (हाताने चाक फिरवून), जॉग (बटण दाबून), एमडीआय (एकेक ओळ टाइप करून) की ऑटो (पूर्ण प्रोग्राम). हँडल मोडमध्ये अक्ष थोडा थोडा सरकतोय म्हणजे सेटिंग चाललंय, कुणाला विचारायला नको. प्रोग्राम नंबरवरून जॉबही कळतो. अगदी बिनचूक म्हणणार नाही, कोणी हँडलवर ठेवून निघून गेलं तर तेही सेटिंगच धरलं जातं. पण माणसाचं कामच दिसत नाही असं होत नाही, आणि शॉपवरचा निम्मा विरोध त्यावरूनच होता. बाहेरून कोणी प्रोग्राम बदलेल अशी भीती असेल तर एमटीकनेक्ट बघा, ते फक्त वाचतं, मशीनमध्ये काही लिहीत नाही.

एकच पार्ट हजारोंनी काढणाऱ्याला बॉक्स पुरेल असं मला वाटतं, तिथे सायकल मोजली की झालं. आपल्यासारख्यांनी मात्र दोनच मशीन्स करा पण कंट्रोलरवरून करा, भले ऑप्शनसाठी थोडं थांबावं लागलं तरी.

आमच्या जुन्या बोरिंग मशीनवर नाइलाजाने अजून बॉक्सच आहे, त्याचा रिपोर्ट मी मीटिंगमध्ये लावत नाही.