मेथोट्रेक्सेट: आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

आमवातावरची (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) ही गोळी कशी आहे ते नंतर. आधी मेडिकलवाल्याचं पाकीट. परवा नवी स्ट्रिप आणली, तर पाकिटावर पेनाने १-०-०. म्हणजे रोज सकाळी एक! अहो, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे ही. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी कोसळतात, माणसं दगावली आहेत यात. चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'फक्त रविवारी' लिहून खाली रेघ मारलेली. "सवयीने लिहिलं गेलं हो ताई," मेडिकलवाला म्हणे. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२० मध्येच सांगून ठेवलंय, की वार ठरवा आणि चिठ्ठीवर पूर्ण लिहा. इथे चिठ्ठीवर वार होता, तो वाचायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. त्यात माझी सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची (व्हिटॅमिनची) गोळीही हिच्यासारखी पिवळीच. आता मेथोट्रेक्सेट वेगळ्या डबीत, झाकणावर मार्करने 'रवि'.

आमवात निघालेल्यांना अँटी-सीसीपी, ईएसआर या रक्ततपासण्या मी काय सांगणार! थेट औषधावर येते. पहिल्या दोन महिन्यांत विचारलं असतं तर पाचपैकी एक गुण दिला असता. सोमवारी दिवसभर मळमळ, फोडणीचा वास नको व्हायचा, आणि बोटं सुजलेली ती सुजलेलीच. जो काही आराम होता तो सोबतच्या स्टिरॉइडचा. त्यात नणंदेने गुगल करून फोन केला, "वहिनी, ही कॅन्सरची गोळी आहे." आहेच. पण तिथला डोस कितीतरी पटींनी मोठा असतो. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी सांगितलं खरं, पण पुढच्या पेशंटला हाक मारता मारता.

तिसऱ्या महिन्यात मत बदललं. भाकरी थापताना परातीत तळवा सपाट टेकत नव्हता, तो टेकायला लागला. सकाळचा आखडलेपणा आंघोळीपर्यंत पुरायचा, आता चहाआधीच सुटतो. स्टिरॉइड हळूहळू कमी करून बंद झालं. मळमळ आहे अजून, पण गोळी रात्री जेवून घेतली की सोमवार निभतो.

दर खेपेला डॉक्टर २८ सांधे दाबून बघतात आणि एक रेघ पुढे करतात: एकूण कसं वाटतंय, खूण करा. मी खूण करते ती हाताच्या दुखण्यावर की बाहेर दोन तास बसवून ठेवल्यावर, देव जाणे. मागच्या वेळी हात छान होता, तरी मधोमध केली.

खर्चाचं म्हणाल तर गोळ्या स्वस्त, तपासण्या महाग. सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन टाळता येत नाहीत, रक्तपेशी, लिव्हर आणि किडनीचा प्रश्न आहे. गोळ्यांनी भागलं नाही तर द्यायच्या बायोलॉजिक इंजेक्शनांचे हजारोंचे आकडे ऐकल्यावर मात्र लॅबचं बिल गपगुमान भरते. सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (आमवाताचीच दुसरी गोळी) चालू आहे, ती डोळ्यांच्या पडद्याला बाधू शकते, म्हणून आता तो तपासून घ्यायला सांगितलंय. त्याची फी वेगळी, आणि मेडिक्लेम देत नाही.