म्युझे दोर्से: आधी पाचवा मजला गाठा

दृकप्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट, म्हणजे त्या-त्या क्षणाचा उजेड टिपणारी) चित्रं एका छपराखाली पाहायची, तर पॅरिसच्या म्युझे दोर्सेला तोड नाही. शिल्पांबद्दल मात्र एवढं ठामपणे म्हणवत नाही.

1900च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं हे रेल्वे स्थानक 1986 मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं. बहुतेक जण तळमजल्यावरच्या पुतळ्यांपाशी रेंगाळतात आणि वर पोचेपर्यंत पाय बोलायला लागतात. मोने, रेनुआर या चित्रकारांची चित्रं पाचव्या मजल्यावर आहेत, तेव्हा थेट तिकडेच जा. सोमवारी बंद. गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं, शक्यतो ती संध्याकाळ साधा.

मोनेने रंगवलेली रूआं कॅथीड्रलची पाच चित्रं इथे आहेत. हातभर अंतरावरून दिसतो तो गिलाव्यासारखा खरबरीत रंग. तीन-चार मीटर मागे सरकलात की त्यातूनच दगड आणि ऊन उभं राहतं. फोनमधून पाहणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागत नाही, कारण फोटोत रंगाचा थर सपाट होतो. मोनेचंच ‘मॅगपाय’ (1868-69) पाहताना बर्फावरच्या सावल्या बघा. सावलीतल्या बर्फावर आकाशाचा उजेड पडतो, म्हणून त्या काळपट नाहीत, निळसर आहेत. रेनुआरच्या ‘मुलँ द ला गालेत’मध्ये (1876) पानांतून झिरपलेले कवडसे थेट नाचणाऱ्यांच्या कोटांवर सांडलेत.

या गटातले सगळे उघड्यावरच रंगवत, हा समज चित्रकार देगापाशी मोडतो. तो स्टुडिओत रमणारा. त्याची पेस्टल्स (रंगखडूंची चित्रं) मंद उजेडात ठेवतात, तेव्हा डोळे सरावायला दोन मिनिटं द्या.

त्याची ‘चौदा वर्षांची नर्तिका’ ही मूर्ती जेमतेम 98 सेंटिमीटर उंच आहे. 1881च्या प्रदर्शनात मांडलेली मेणाची मूळ मूर्ती वॉशिंग्टनमध्ये आहे. इथली ब्राँझची, देगाच्या मृत्यूनंतर ओतलेली. झगा मात्र खऱ्या जाळीदार कापडाचा. समोरून पाहून निघू नका. मागे गुंफलेले हात आणि वेणीची रिबीन पाठीमागूनच दिसते.

शिल्पकार रोदँच्या शिल्पांवर बोटांच्या खुणा राहिलेल्या असतात, त्या उंचसखल पृष्ठभागावर उजेड फुटतो आणि आकार हलल्यासारखा वाटतो. एवढ्यावरून त्याला या गटात बसवणं मला थोडं ओढूनताणून वाटतं, कारण या गटाच्या 1874 ते 1886 दरम्यानच्या आठही प्रदर्शनांत तो नव्हता.

आणि ज्या चित्रावरून या चळवळीला नाव पडलं, ते मोनेचं ‘इंप्रेशन, सूर्योदय’ इथे शोधत बसू नका. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, मार्मोताँ संग्रहालयात आहे.