चालू दुकानाला धक्का न लावता अपग्रेड : वूकॉमर्सच्या नव्या ऑर्डर-साठवणुकीचे परीक्षण

ऑनलाइन दुकानाचे सॉफ्टवेअर बदलायचे म्हटले की मालकाचे प्रश्न ठरलेले असतात : जुन्या ऑर्डर जागेवर राहतील ना, आणि काही बिघडलेच तर पूर्वीच्या व्यवस्थेवर परत येता येईल ना? ऑनलाइन दुकान चालवण्याच्या वूकॉमर्स या सॉफ्टवेअरने ऑर्डरच्या साठवणुकीत जो मोठा बदल केला आहे आणि जो ‘एचपीओएस’ (हाय-परफॉर्मन्स ऑर्डर स्टोरेज) या नावाने ओळखला जातो, तो मी प्रामुख्याने याच दोन प्रश्नांच्या कसोटीवर तपासला. माझे मत त्याच्या बाजूने आहे, मात्र एका ठिकाणी मालकाने स्वतः डोळ्यांत तेल घालून पाहणे आवश्यक आहे.

वूकॉमर्स हे वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालणारे प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, असल्यामुळे त्यातील प्रत्येक ऑर्डर वर्षानुवर्षे एखाद्या लेखासारखी डेटाबेसमधील ‘पोस्ट्स’ टेबलात (तक्त्यात) ठेवली जात असे, आणि ग्राहकाचे नाव, पत्ता, रक्कम, पैसे भरण्याची पद्धत अशा तपशिलांची प्रत्येकी वेगळी ओळ ‘पोस्टमेटा’ टेबलात जात असे. ऑर्डर हजारोंच्या घरात गेल्या की हे टेबल अवाढव्य होते आणि फोन नंबरवरून एक साधी ऑर्डर शोधायलाही ताटकळावे लागते. नव्या व्यवस्थेत ऑर्डर, पत्ते, कामकाजाचे तपशील आणि इतर माहिती यांसाठी चार स्वतंत्र टेबले आहेत. नोव्हेंबर 2022 मधील 7.1 आवृत्तीत ही सोय चाचणीसाठी खुली झाली, आणि ऑक्टोबर 2023 मधील 8.2 आवृत्तीपासून नव्या दुकानांसाठी ती आपोआप लागू झाली. जुन्या दुकानांवर मात्र ती लादली गेली नाही. कधी वळायचे हे मालकाच्या हाती राहिले.

या संयमाचे मोल मॅजेंटो या ऑनलाइन दुकानाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा इतिहास आठवला की कळते. मॅजेंटो 2 हे 2015 च्या अखेरीस आले, पण पहिल्या आवृत्तीवरून त्यावर सरळ जाण्याचा मार्ग नव्हता. थीम (दुकानाचे बाह्यरूप) आणि एक्स्टेंशन (जोड-सुविधा) नव्याने उभारावी लागत. नोव्हेंबर 2018 ची मुदत वाढवून अखेर 30 जून 2020 रोजी जुन्या आवृत्तीचा आधार बंद झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये एकाच शनिवार-रविवारी सुमारे दोन हजार मॅजेंटो दुकानांत, त्यांतील बहुतेक जुन्या आवृत्तीवरच अडकलेल्या, कार्डांची माहिती चोरणारा कोड घुसवला गेला.

वूकॉमर्सच्या योजनेचा कणा म्हणजे ‘कम्पॅटिबिलिटी मोड’. तो सुरू केला की प्रत्येक ऑर्डर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही टेबलांत लिहिली जाते, आणि साठलेल्या ऑर्डरही मागच्या मागे थोड्या थोड्या करून नव्या टेबलांत उतरतात. एकही ऑर्डर उतरायची बाकी असेल तर साठवणुकीची पद्धत बदलण्याचा पर्याय बंदच राहतो, ही सक्ती मला फार योग्य वाटते. सर्व ऑर्डर उतरल्यावर नवी टेबले प्रमुख करता येतात, आणि मोड चालू असेपर्यंत तितक्याच सहजतेने मागेही फिरता येते.

येवल्यातील पैठणी विकणाऱ्या एका दुकानाचे काम करताना आम्ही या मोडभोवतीच वेळापत्रक आखले. आषाढात लग्नसराई ओसरलेली असते, म्हणून नवी टेबले तेव्हा प्रमुख केली. मोड मात्र दिवाळीची गर्दी सरेपर्यंत चालू ठेवला. दुहेरी लेखनाचा भार सर्व्हरवर पडतो हे खरे, परंतु ऐन हंगामात परतीची वाट मोकळी असणे मला अधिक महत्त्वाचे वाटले.

आता सावधगिरीचा मुद्दा. नव्या व्यवस्थेशी आपण सुसंगत आहोत की नाही, हे प्रत्येक प्लगइनने स्वतः जाहीर करायचे असते आणि त्या आधारेच वूकॉमर्स इशारा देते. थीमच्या फाइलमध्ये कोणी हाताने घातलेला कोड त्या तपासणीत येतच नाही. याच दुकानात घाऊक खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक बिलावर छापणारा असा तुकडा होता आणि तो माहिती थेट ‘पोस्टमेटा’मधून वाचत असे. मोड चालू असताना बिल अचूक निघे. स्टेजिंग प्रतीवर, म्हणजे दुकानाच्या चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीवर, मोड बंद करून नवी ऑर्डर टाकली, तेव्हा क्रमांकाची जागा कोरी आली. पडद्यावर कसलाही त्रुटी-संदेश नव्हता. म्हणून मोड बंद करण्यापूर्वी स्टेजिंगवर नव्या ऑर्डरचे बिल, ईमेल, कुरिअरची चिठ्ठी आणि परतावा हे सर्व प्रत्यक्ष काढून पाहावे. हा धोका वूकॉमर्सने सेटिंगच्या पानावरच ठळकपणे सांगायला हवा, कारण लहान दुकानांत असे हातचे कोड सर्रास असतात.

डेटाची पडताळणी कमांड लाइनवरूनच, म्हणजे सर्व्हरला टंकलेल्या आज्ञा देऊनच, नीट होते, ही दुसरी उणीव. स्वस्त होस्टिंगवर ती सोय पुष्कळदा नसते आणि दुकानदाराला जाणकाराची मदत घ्यावी लागते. जुन्या टेबलांतील नोंदींच्या साफसफाईची तर घाईच करू नये. जुनी माहिती पुसली गेल्यावर परतण्याची वाट लांब होते. महिन्याला मोजक्याच ऑर्डर येणाऱ्या दुकानाला वेगातील फरक फारसा जाणवणार नाही, त्यामुळे त्याने आपली सर्व प्लगइन सुसंगत होईपर्यंत थांबले तरी चालेल. ज्यांची ऑर्डरची यादी उघडायलाच वेळ लागतो, त्यांनी पूर्ण बॅकअप घेऊन पुढच्या मंदीच्या महिन्यात कम्पॅटिबिलिटी मोड सुरू करावा.