टी-पेशी: बाहेर नेऊन घडवायच्या की आतच मोकळ्या सोडायच्या?

सोलापुरात हल्ली कॅन्सर रुग्णाचे नातेवाईक ‘इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारा उपचार) करायची का?’ असं विचारतात. पण त्या एका नावाखाली दोन फार वेगळे उपचार येतात: कार-टी आणि चेकपॉइंट औषधं.

कार-टीमध्ये रुग्णाच्याच टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) काढून, त्यांत नवं जनुक घालून, वाढवून परत शरीरात सोडतात, बहुधा एकदाच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तीही बी-पेशींच्या (दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) ल्युकेमिया-लिम्फोमा या कॅन्सरपुरती. पेशी सोडल्यावर तीव्र ताप, रक्तदाब उतरणं, भ्रम होऊ शकतो. म्हणून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन लगेच परत, असं जमत नाही. मोठ्या केंद्राजवळ मुक्काम लागतोच. खर्चाचा हिशेब करताना हा मुक्काम लोक हमखास विसरतात.

चेकपॉइंट औषधं टी-पेशींवरचा ब्रेक काढतात (२०१८चं नोबेल याच शोधाला). फुफ्फुसाचा, मूत्रपिंडाचा कॅन्सर आणि मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) यांत ती वापरतात. दर दोन ते सहा आठवड्यांनी सलाईनमधून मिळतात, म्हणून पेलायला सोपी वाटतात. पण थायरॉइड, आतडी, फुफ्फुसांचा दाह काही महिन्यांनीही उद्भवतो. जुलाब लागले तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट कॅन्सरतज्ज्ञांना कळवावं.

माझ्या मते ‘जास्त प्रभावी कोणतं’ हा प्रश्नच चुकीचा. निवड आजाराचा प्रकार करतो. फुफ्फुसाचा कॅन्सर असेल, तर आधी पीडी-एल१ (टी-पेशींना ब्रेक लावणारं, कॅन्सरपेशींवर आढळणारं प्रथिन) तपासणीबद्दल विचारा.