मुलीच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ: सोलापूरलाच करायचं, पुण्याला का मुंबईला?

परवा रात्री साडेदहाला आमच्या ओळखीतल्या एकांचा फोन आला. पुतणी अकरा वर्षांची, गळ्यात गाठ, एफएनएसीत म्हणजे सुईच्या तपासणीत पॅपिलरी (थायरॉईडच्या कॅन्सरचा एक प्रकार) आलंय, तुम्ही यातनं गेलाय तर सांगा की ओ कुठं करायचं. तासभर बोललो त्यांच्याशी, आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे एकदा नीट लिहूनच ठेवावं, कारण गेल्या दोन वर्षांत असा हा चौथा फोन. मी डॉक्टर नाही, शाळेत क्लार्क आहे, एका मुलीचा बाप म्हणून जे बघितलं तेवढंच सांगतोय. तुमच्या लेकराचे रिपोर्ट वेगळे असतील, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच धरा.

आमच्या मुलीची गाठ गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात दिसली. नवीन ड्रेसच्या गळ्याचं बटण लावताना हिच्या आईच्या हाताला लागली, पाणी प्यायला लावलं तर गिळताना वरखाली व्हायची. गिळताना हलतेय म्हणजे बहुतेक थायरॉईडची. आज्जी म्हणाली गलगंड असेल, आयोडीनचं मीठ द्या, जाईल. फॅमिली डॉक्टरांनी मात्र लगेच सोनोग्राफी लिहून दिली आणि त्याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे. लहान मुलांत थायरॉईडच्या गाठी मुळात कमी निघतात, पण निघाली तर ती कॅन्सरची असण्याचं प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा बरंच जास्त, साधारण २२ ते २६ टक्के, मोठ्यांत ते ५ ते १०. त्यामुळं "लहान पोर आहे, काही नसतं" म्हणून सहा महिने थांबू नका. आणि पॅपिलरी आलं तरी घरात रडारड करू नका, कारण मुलांत हा आजार मानेतल्या लिम्फच्या गाठींपर्यंत (लसिकाग्रंथींपर्यंत) लवकर पसरतो खरा, कधी फुफ्फुसातही दिसतो, पण नीट उपचार झाले तर जवळजवळ सगळी मुलं जगतात आणि शिकतात-सवरतात. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता मूळ प्रश्न. आम्ही तिन्ही ठिकाणी दाखवलं.

सोलापूरच्या सर्जनबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण माणूस खरंच चांगला. मी भीत भीत विचारलं, सर, एवढ्या लहान मुलांची थायरॉईडची ऑपरेशनं वर्षाला किती होतात तुमच्याकडं? ते रागावले नाहीत. म्हणाले, मोठ्यांची बरीच करतो, या वयाचं एखादं, तेही दरवर्षी नाही. हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारा, लाजू नका. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मुलांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलंय की असं ऑपरेशन शक्यतो मानेतल्या थायरॉईड-पॅराथायरॉईडसारख्या ग्रंथींची वर्षाला ३० तरी ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनच्या हातून व्हावं. कारण साधं आहे, थायरॉईडच्या मागं आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारक्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, मुलांत त्या अजून बारीक. नस दुखावली तर आवाज बसतो, ग्रंथींना धक्का लागला तर कॅल्शियम घसरतं आणि कधी कधी गोळ्या जन्मभर लागतात.

पण खरं सांगू का, माझं मन त्या आकड्यावरनं फिरलं नव्हतं. घर जवळ, आज्जी डबा आणणार, धाकट्याची शाळा बुडणार नाही, मी जवळजवळ इथंच करायचं ठरवलं होतं. फिरलं ते सोनोग्राफीवरनं.

पहिल्या सेंटरचा रिपोर्ट आला, उजव्या बाजूला १९ मिमीची गाठ, आत बारीक कॅल्सिफिकेशन (कॅल्शियमचे कण). बस्स. मानेच्या बाजूच्या गाठींबद्दल एक ओळ नाही. सर्जन म्हणाले मानेची पण करून आणा, मग दुसऱ्या सेंटरला गेलो, तिथं अर्धा दिवस बसलो, पोरगी उपाशीपोटी बसलेली कारण काउंटरवरच्या मुलीनं उपाशी यायला सांगितलं होतं जे मानेच्या सोनोग्राफीला लागतच नाही, आणि रिपोर्ट आला "काही लहान गाठी दिसतात, साध्या सुजेच्या असाव्यात". कुठल्या बाजूला, केवढ्या, काही नाही. परत सर्जनकडं, परत तिसऱ्यांदा चिठ्ठी. मी हातात ती प्लॅस्टिकची पिशवी घेऊन एप्रिलच्या उन्हात सात रस्त्यावरनं स्कूटर मारतोय, मागं लेक बसलेली, ती म्हणते पप्पा अजून किती वेळा ते थंड जेल लावणार. सोनोग्राफी करणारा सर्जनला ओळखत नाही, सर्जन फक्त शेवटची ओळ वाचतो, सुईची तपासणी करणारी लॅब तिसरीकडंच, आणि या सगळ्यांना जोडणारा माणूस कोण तर मी, ज्याला यातलं काही कळत नाही. तिसरा रिपोर्टही तसाच मोघम आला तेव्हा सर्जन म्हणाले, जाऊ द्या, ओपन केल्यावर बघू.

ते वाक्य माझ्या डोक्यातनं जाईना. कारण तोवर मी वाचलं होतं की मुलांच्या पॅपिलरीत निम्म्याहून जास्त जणांच्या मानेतल्या गाठींत आजार आधीच गेलेला असतो, आणि ऑपरेशनच्या आधी त्यांचा नकाशा नीट काढला नाही तर त्या आत राहतात, मग वर्षभरानं परत त्याच मानेत, आता टाके भरून घट्ट झालेल्या, हात घालावा लागतो, आणि तेव्हा नसेला धोका जास्त. कदाचित त्यांना ओपन केल्यावर दिसलंही असतं, मी नाही म्हणत नाही. पण पोरीच्या मानेवर मला कदाचित नको होतं.

मुंबईत (हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको) पहिली भेट भयंकर होती. गर्दी, रांगा, पहाटे दादरला सिद्धेश्वर एक्सप्रेसमधनं उतरलो ते दुपारी तीनला नंबर लागला. हिची आई म्हणाली इथं कोण विचारणार आपल्याला. पण सोनोग्राफीला घेतलं तेव्हा त्या मॅडमनी पाऊण तास लावला, कागदावर मानेचं चित्र काढलं, त्यावर मानेच्या भागांचे लेव्हल २, ३, ४ आणि मधली ६ असे आकडे टाकून प्रत्येक गाठ कुठं आणि केवढी ते लिहिलं, सर्जनला आत बोलावून स्क्रीनवर दाखवलं, आणि बाजूच्या एका गाठीतनं तिथल्या तिथं सुईनं पाणी काढलं. त्या गाठीत आजार निघाला. मग पूर्ण थायरॉईड, मधल्या गाठी आणि उजव्या बाजूच्या गाठी एकाच ऑपरेशनमध्ये काढल्या. आमच्या पिशवीतले सोलापूरचे तिन्ही रिपोर्ट त्या गाठीबद्दल गप्प होते.

पुणे मधोमध बसतं, सगळ्याच अर्थानं. आत्याचं घर हडपसरला, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन रात्री परत येता येतं. तिथले सर्जन थायरॉईड भरपूर करणारे, बोलणं अगदी स्वच्छ, सोनोग्राफीही सोलापूरपेक्षा कितीतरी व्यवस्थित. आमचं अडलं ते पुढच्या आयोडीनवर (म्हणजे ऑपरेशननंतर उरलेल्या थायरॉईडच्या पेशी मारायला देतात ते किरणोत्सारी आयोडीन), ऑपरेशन पुण्यात आणि आयोडीन तिसरीकडं असा हिशोब होता आणि मला परत पिशवी घेऊन फिरायचं नव्हतं. ज्यांचं पुण्यात राहायचं ठिकाण आहे आणि ऑपरेशन-आयोडीन एकाच छताखाली मिळतंय त्यांनी पुणं केलं तर मी अडवणार नाही.

आयोडीनचं थोडक्यात. सगळ्या मुलांना ते लागत नाही, ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर आणि थायरोग्लोब्युलिन या रक्ताच्या तपासणीवर ठरतं, आमच्या मुलीला लागलं. मोठा डोस असेल तर लेकराला वेगळ्या खोलीत ठेवतात, अशा खोलीला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, म्हणून त्या सगळीकडं नसतात. मुंबईत परळला बीएआरसीचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हेच काम करतंय. आधी दोन आठवडे आयोडीन कमी असलेलं जेवण. दूध, अंडी, मासे बंद, बाहेरचं सगळं बंद. इथं मात्र आपलं सोलापूर जिंकतं ओ, हिच्या आईनं बिनआयोडीनचं मीठ घालून घरी शेंगाचटणी कुटली, कडक भाकरीचे गठ्ठे बांधले आणि पोरगी दोन आठवडे कुरकुर न करता त्यावर राहिली. बाजारातली तयार चटणी चालत नाही, त्यात साधं आयोडीनचं मीठ असतं. खोलीत ती एकटी होती ते दिवस मी काचेपलीकडनं फोनवर तिच्याशी बोलत काढले, त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

पैशाचं. मुंबईला खर्च जास्तच होतो हे अर्धवट खरं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे, हॉस्पिटलमध्ये शिरल्या शिरल्या आरोग्यमित्राला (योजनेचा तिथं बसणारा माणूस) रेशनकार्ड आणि आधार दाखवा, नंतर नको. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सवलत, हॉस्पिटलचा फॉर्म भरून काउंटरवरनं काढावं लागतं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती, आणि कॅन्सरच्या लहान मुलांसाठी सेंट ज्यूड्सची घरं, जी फुकट असतात. शाळेतनं सुट्ट्या आणि धाकट्याची आबाळ, हा खर्च मात्र कुठल्या योजनेत बसत नाही.

आणि ऑपरेशननंतर? इथं मी उलटं सांगेन. घरी आल्यावर तिसऱ्या रात्री तिच्या ओठाभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, कॅल्शियम उतरलेलं. रात्री अकराला आमच्या इथल्या मुलांच्या डॉक्टरांनी स्वतः दवाखाना उघडला. मुंबई साडेचारशे किलोमीटर लांब, त्या रात्री काय कामाची. म्हणून ज्या दिवशी मुंबईची तारीख मिळेल त्याच दिवशी इथल्या डॉक्टरांना सगळं सांगून ठेवा. सकाळची थायरॉक्सिनची गोळी, टीएसएचची रक्ततपासणी, वाढ, हे सगळं आता इथंच चालतं, मुंबई सहा महिन्यांतनं एकदा. फक्त थायरोग्लोब्युलिन दरवेळी एकाच लॅबमध्ये करा, दोन लॅबचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत, आम्ही एकदा लॅब बदलली आणि आठवडाभर घरात कुणाला झोप नव्हती.

एक गोष्ट राहिली. मानेतली प्रत्येक गाठ थायरॉईडची नसते, आणि मग माझं वरचं गणितही लागू पडत नाही. आपल्याकडं मुलांच्या मानेत टीबीच्या गाठी भरपूर, त्याला मुंबई नको. जीभ बाहेर काढल्यावर वर सरकणारी मधली गाठ बहुतेक थायरोग्लॉसल सिस्ट, ती इथंही छान काढतात, फक्त खरी थायरॉईड जागेवर आहे का ते आधी सोनोग्राफीत बघून घ्यायला सांगा. लिम्फोमा (लिम्फच्या गाठींचाच कॅन्सर) असेल तर ऑपरेशन फक्त तुकडा काढण्यापुरतं, उपचार केमोचा आणि महिनोन् महिने चालणारा, तिथं मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडनं प्लॅन करून घेऊन काही डोस घराजवळ घेता येतात का हे विचारायला हरकत नाही. ऱ्हॅब्डोमायोसार्कोमासारख्या (स्नायूंच्या कॅन्सरसारख्या) गोष्टीला केमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं एकत्र बसवावं लागतं, तिथं मी थेट मोठं सेंटरच म्हणेन.

त्या फोनवाल्यांना मी शेवटी एवढंच म्हणालो, निर्णय नंतर घ्या, उद्या सकाळी आधी लॅबमध्ये जाऊन एफएनएसीच्या स्लाइड मागून घ्या, नुसता रिपोर्ट नको. मोठ्या हॉस्पिटलात त्या परत तपासतात, नसल्या तर पोरीला परत सुई. लॅब नाही म्हणत नाही, एक साधा अर्ज लिहून द्यावा लागतो, आणि काचा फुटू नयेत म्हणून घरनं एक छोटा डबा आणि कापूस न्या.